सातवी पास, अकरावीत अॅडमिशन!

दसऱ्याला आमच्याकडे शस्त्रपूजन असतं. शस्त्रं म्हणजे काय, तर बाबांचा पान्यांचा सेट, आईचं शिलाई मशीन, किचनमधली विळी आणि २०१७ पासून माझा लॅपटॉप. गेल्या दसऱ्यालाही, म्हणजे २ ऑक्टोबर २०२५ ला, बाबांनी त्याच्या झाकणावर हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, दोन अक्षता की-बोर्डमध्ये पाडल्या (त्यातली एक अजून 'एन'च्या खाली आहे). मी हात जोडून उभी होते आणि मनात म्हणत होते, बाबा, नीट पूजा करा. याचे बारा दिवस राहिलेत.

कारण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपणार होता. २९ जुलै २०१५ ला आलेली सिस्टिम, दहा वर्षं चालली, बास. सपोर्ट संपला म्हणजे कॉम्प्युटर त्या रात्री बारा वाजता बंद पडत नाही, हे आमच्या अर्ध्या ग्रुपला समजावून सांगावं लागलं. मशीन चालू राहतं. फक्त दर महिन्याला येणारे सिक्युरिटी अपडेट्स थांबतात. म्हणजे कुलूप तेच, पण त्याची किल्ली कुणी बनवली तर कुलूप बदलून द्यायला कुणी येणार नाही.

मी एरवी हे सगळं 'बघू नंतर' या फोल्डरमध्ये टाकलं असतं. पण माझ्या एका क्लायंटची मेल आली होती. हा माझा सगळ्यात रेग्युलर क्लायंट. फ्रीलान्सर मंडळींना कळेल, रेग्युलर म्हणजे पंचेचाळीस दिवसांनी का होईना पण पैसे देणारा. मेलमध्ये लिहिलं होतं, १५ ऑक्टोबरपासून विंडोज १० असलेल्या कुठल्याही मशीनला आमच्या नेटवर्कवर येता येणार नाही, कृपया विंडोज ११ करून घ्यावे. कृपया! माझ्या महिन्याच्या उत्पन्नाचा साधारण अर्धा भाग त्या 'कृपया'वर टांगलेला होता.

करून घेऊ की, त्यात काय? मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, ते उतरवलं आणि बटण दाबलं. दहावीचा रिझल्ट बघतात तसं एक डोळा मिटून बघितलं. रॅम पास. डिस्क पास. सिक्युअर बूट पास. टीपीएम नापास. आणि सगळ्यात शेवटी, प्रोसेसर नापास.

टीपीएमचं मी निस्तरलं. टीपीएम म्हणजे पासवर्ड आणि एन्क्रिप्शनच्या किल्ल्या जपून ठेवणारी एक छोटी तिजोरी. विंडोज ११ ला तिचं २.० व्हर्जन लागतं. २०१६-१७ नंतरच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ती असतेच, पण कधी कधी बायोसमध्ये बंद करून ठेवलेली असते. इंटेलच्या मशीनमध्ये तिचं नाव 'पीटीटी'. मशीन सुरू होताना बायोसमध्ये शिरायचं, ते ऑन करायचं, सेव्ह करून बाहेर. पाच मिनिटांचं काम. तुमचा लॅपटॉप टीपीएममध्ये नापास झाला असेल तर नवीन घ्यायला पळण्याआधी हे नक्की बघा. बऱ्याच जणांचं इथेच भागतं.

प्रोसेसरचं मात्र भागत नाही. विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी आणि त्यापुढचे चिप्स चालतात, अशी अधिकृत यादी आहे. माझा आहे कोअर आय-५, ७२०० यू. सातवी पिढी. एका यत्तेनं हुकलं!

ही रेघ आठव्यावरच का मारली? २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने जी कारणं दिली, त्यात सिक्युरिटी होती आणि मशीन बंद पडण्याचे आकडेही होते. अटीत बसणारी मशीन्स ९९.८ टक्के वेळा क्रॅशशिवाय चालली आणि न बसणाऱ्यांत खोलवरचे क्रॅश ५२ टक्के जास्त झाले, असं त्यांच्या चाचण्यांचं म्हणणं होतं. ठीक आहे, मान्य. पण त्याच ऑगस्टमध्ये त्यांनी सातव्या पिढीतल्या काही मोजक्या चिप्सना यादीत जागाही दिली. त्यातली आय-७, ७८२० एचक्यू ही चिप मायक्रोसॉफ्टच्याच सर्फेस स्टुडिओ २ या महागड्या मशीनमध्ये होती. मॅनेजमेंट कोटा सगळीकडेच असतो, एवढंच म्हणते आणि पुढे जाते.

आता मी एक चूक केली. हे सगळं जेवताना घरी बोलून दाखवलं.

२०१७ चा जून आठवतोय? १ जुलैपासून जीएसटी लागणार होता आणि सगळी दुकानं स्टॉक काढायला बसली होती. पेपरात पान-पानभर जाहिराती. मी तेव्हा टीवायबीएमएमला गेले होते आणि लॅपटॉपसाठी घरात चार महिने मोर्चेबांधणी चालू होती. दुकानातला माणूस बाबांना म्हणाला, साहेब, एक तारखेनंतर लॅपटॉपवर अठरा टक्के लागणार, आज घ्या. बाबांनी आयुष्यात कधी 'आज घ्या' ऐकलं नव्हतं, त्या दिवशी ऐकलं. जूनच्या शेवटच्या रविवारी आम्ही दोन तास लाइनमध्ये उभे राहिलो. साडेतीन हजार वाचले. बाबांनी येताना आइस्क्रीम घेतलं. पुढची कित्येक वर्षं आमच्याकडे कुणी नवीन वस्तूचं नाव काढलं की हे साडेतीन हजार निघायचे.

आणि २१ ऑगस्ट २०१७ ला इंटेलने आठवी पिढी आणली. दोन महिन्यांनी! सातवीत दोन कोअर होते, आठवीत त्याच वर्गातल्या चिपमध्ये थेट चार.

मी हे सगळं गंमत म्हणून सांगत होते. "बाबा, म्हणजे आपण दिवाळीपर्यंत थांबलो असतो ना, तर आज काही प्रॉब्लेमच नव्हता!" बाबा भात कालवता कालवता थांबले. म्हणाले, "मग तेव्हा का नाही बोललीस?" मी म्हटलं, अहो, तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, विंडोज ११ च २०२१ ला आलं. ते काही बोलले नाहीत. जेवून उठले, हात धुतले आणि थोड्या वेळाने पेपर उलगडून दिवाळी सेलच्या जाहिराती बघत बसले. दोन वर्षांपूर्वी रिटायर झालेला माणूस! मला माझ्याच जिभेचा इतका राग आला की त्या रात्री मी ठरवलं, काही झालं तरी नवीन लॅपटॉप घ्यायचा नाही.

तसे पर्याय होते. नवीन घ्यायचा तर माझ्या कामाचा बरा लॅपटॉप पन्नास-साठ हजारांच्या खाली नव्हता. दुसरा, विंडोज १० लाच आणखी एक वर्ष सिक्युरिटी अपडेट्स घ्यायची योजना. घरगुती वापरासाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची म्हणून जाहीर झाली. तीस डॉलर भरा, किंवा रिवॉर्ड्सचे हजार पॉइंट्स द्या, किंवा सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडा आणि फुकट घ्या. खरं सांगू? माझ्या क्लायंटने हे चालवून घेतलं असतं तर मी हेच केलं असतं आणि हा कॉलम दुसऱ्या कशावर तरी असता. पण त्यांना अकराच हवं होतं. तिसरा पर्याय लिनक्स. माझा मामेभाऊ त्याचा भक्त आहे, तो दर गणपतीत मला दीक्षा द्यायला बघतो. पण मी एका साप्ताहिकाला अजून जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये मजकूर देते आणि ते सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. विषय कट.

राहिला मागचा दरवाजा. गंमत म्हणजे हा दरवाजा आधी मायक्रोसॉफ्टनेच दाखवला होता. रजिस्ट्रीत एक नोंद करायची, तिचं लांबलचक नाव 'अलाऊ अपग्रेड्स विथ अनसपोर्टेड टीपीएम ऑर सीपीयू', किंमत द्यायची १. मग सेटअप प्रोसेसरची यादी बघत नाही. हे त्यांच्या स्वतःच्या सपोर्ट पानावर २०२१ पासून लिहिलेलं होतं, जोखीम तुमची अशा इशाऱ्यासकट. २०२५ च्या सुरुवातीला त्यांनी तो मजकूर काढून टाकला. मजकूर गेला, दरवाजा राहिला. ज्यांच्या मशीनमध्ये टीपीएमच नाही, ते लोक 'रूफस' नावाचं सॉफ्टवेअर वापरून पेन ड्राइव्ह बनवतात, त्यात या अटी वगळायची सोय असते. मला तेवढी गरज पडली नाही.

आधी थोडी तयारी. दादरला लाइन बदलून ग्रँट रोड, तिथून लॅमिंग्टन रोड. दुकानदाराने लॅपटॉप उलटा केला, मॉडेल बघितलं आणि दयाळू चेहऱ्याने म्हणाला, "मॅडम, इसमें पैसा मत डालो. नया ले लो." मी म्हटलं, भैया, रॅम द्या. आठ जीबीची पट्टी, अडीच हजार, आधीची चार होतीच. एकूण बारा. (नशीब बघा, नंतर रॅमचे भाव असे काही भडकले की आता ती पट्टी मी सोन्याच्या अंगठीसारखी मिरवते.) एसएसडी लॉकडाऊननंतरच टाकली होती. तुमच्याकडे अजून जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर विंडोज ११ चं नाव काढू नका, आधी ती बदला. तेवढ्यानेही मशीन वेगळं वाटेल.

मग बॅकअप. यावर मी लेक्चर देणार नाही, फक्त एवढंच, की मी रात्री अकराला बसले आणि पहाटे तीनला उठले, त्यातला एक तास बीएमएमचे फोटो बघण्यात गेला. आणि एक गोष्ट करा, सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर चालू आहे का बघा. चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा आणि काम होईपर्यंत ते थांबवा. नाहीतर बायोसमध्ये बोट लावल्यावर मशीन तुमच्याकडेच ४८ आकडी नंबर मागत बसतं.

११ ऑक्टोबर, शनिवार, दुपार. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज ११ ची आयएसओ फाइल उतरवली, व्हर्जन २५ एच २, नुकतंच ३० सप्टेंबरला आलेलं. (फाइल तिथूनच घ्या. कुणीतरी कापून-छाटून हलकी केलेली विंडोज कुठूनतरी उतरवायची आणि मग त्यावर नेट बँकिंग करायचं, ही हिंमत माझ्यात नाही.) रजिस्ट्रीत नोंद केली. सेटअप सुरू केला. स्क्रीनवर सूचना आली, तिचा मथितार्थ असा: हा पीसी अटींत बसत नाही, इन्स्टॉल केलंत तर तो सपोर्टेड राहणार नाही, अपडेट्स मिळण्याचा हक्क राहणार नाही, आणि यामुळे काही बिघडलं तर वॉरंटीत बसणार नाही. आठ वर्षांच्या लॅपटॉपची वॉरंटी! मी 'अॅक्सेप्ट' दाबलं. पोटात मात्र गोळा आला, खोटं कशाला बोलू.

सगळं छान चाललं होतं. एकदा रीस्टार्ट झाला, पुन्हा टक्के मोजायला लागला. ७१ टक्के. आणि डोंबिवलीत लाइट गेली.

आता माझ्या लॅपटॉपची बॅटरी ही केवळ वजनासाठी आहे. पूर्ण चार्ज असेल तर पंचवीस मिनिटं, तीही ब्राइटनेस कमी करून. आणि अपग्रेडच्या मधोमध मशीन बंद पडलं तर काय होतं? कधी कधी ते आपोआप जुन्या विंडोजवर परत जातं. कधी कधी नाही. मला 'कधी कधी' नको होतं. मी किंचाळले, "बाबा, लाइट!" जणू बाबांनीच घालवली.

बाबा शांत. म्हणाले, "तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे इन्व्हर्टर आहे. उचल." झाकण बंद केलं तर मशीन झोपेल, म्हणून ते उघडंच ठेवायचं. लिफ्ट बंद. मग काय, मी दोन्ही हातांवर उघडा लॅपटॉप घेऊन, आरतीचं तबक नेतात तसा, एकेक पायरी मोजत दोन मजले वर. पुढे बाबा टॉर्च घेऊन, मागे आई चार्जर घेऊन. काकूंनी दार उघडलं आणि त्यांना वाटलं, काहीतरी प्रसाद आणलाय. मी म्हटलं, "काकू, प्लीज, प्लग कुठे आहे?"

चार्जर लावला तेव्हा ७४ टक्के झाले होते. पुढचा पाऊण तास आम्ही तिघं काकूंच्या हॉलमध्ये स्क्रीनकडे बघत बसलो, काकूंनी चहा केला, चिवडा दिला, आणि बाबांनी त्यांना जून २०१७ ची गोष्ट सांगितली. साडेतीन हजारांसकट. या वेळी मी मध्ये एक अक्षर बोलले नाही. लॅपटॉप तीनदा बंद-चालू झाला. मग निळा स्क्रीन उजळला, चिन्हं मधोमध आली. बाबा पुढे वाकून म्हणाले, "झाली अकरावी?" झाली!

चालतो कसा? सांगते. माझं काम म्हणजे वर्ड, ब्राउझरचे पंधरा टॅब, थोडं ऑडिओ ट्रान्सक्रिप्शन. त्याला काही त्रास नाही. सुरू व्हायला आधीपेक्षा थोडा जास्त वेळ घेतो. टचपॅडवर दोन बोटांनी स्क्रोल होईना, ते कंपनीच्या साइटवरचा विंडोज १० चा ड्रायव्हर टाकल्यावर झालं. व्हिडिओ कॉल चालू असताना पंखा असा फिरतो, की समोरचे विचारतात, तू एअरपोर्टवर आहेस का. दर महिन्याचे सिक्युरिटी अपडेट्स आले. येतीलच याची हमी नाही, पण आले. मात्र वर्षाला एकदा जे मोठं नवीन व्हर्जन येतं ते अशा मशीनला आपोआप मिळत नाही, पुन्हा आयएसओ उतरवून हीच सगळी कसरत. माझ्या २५ एच २ ची मुदत ऑक्टोबर २०२७ पर्यंत आहे. पहिले दहा दिवस काही पटलं नाही तर सेटिंग्जमधून 'गो बॅक' करून जुन्या विंडोजवर परत जाता येतं. माझं दहाव्या दिवसापर्यंत एक बोट तिथेच होतं.

सोमवारी खरा प्रश्न पडला. क्लायंटचा फॉर्म भरायचा होता, त्यात एकच रकाना: ऑपरेटिंग सिस्टिम व व्हर्जन. मी 'विंडोज ११, २५ एच २' लिहिलं असतं तर ते शंभर टक्के खरं होतं. त्यांचं नेटवर्क तेवढंच तपासत होतं. पण त्यांना अकरा हवं होतं ते काही आकड्याची आवड म्हणून नाही. त्यांना सपोर्ट असलेलं मशीन हवं होतं, आणि माझं ते नव्हतं. त्यांच्या ग्राहकांचा डेटा माझ्या स्क्रीनवर येतो. उद्या काही झालं तर?

मैत्रीण म्हणाली, वेडी आहेस का, कोण विचारतंय. आई म्हणाली, विचारून घे बाई. बाबांना मी विचारलंच नाही.

मी फॉर्मखाली दोन ओळी लिहिल्या: प्रोसेसर अधिकृत यादीत नाही, अपडेट्स सध्या मिळत आहेत, पुढची हमी नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या आयटीवाल्याचा फोन आला. बिचारा हसत होता. "मॅडम, तुम्ही सांगितलं नसतं तर आम्हाला कळलंही नसतं हो." मग दोन दिवस सन्नाटा. मग मेल. लिखाणाचं काम ब्राउझरमधून चालू ठेवा, पण त्यांच्या आतल्या नेटवर्कवरचं महिन्याचं रिपोर्टचं काम सपोर्टेड मशीन येईपर्यंत दुसऱ्याकडे. माझे महिन्याचे नऊ हजार गेले. मी दोन दिवस फणफणले, मग एका दिवाळी पुरवणीचं काम उशिरा का होईना मिळालं, त्यात थोडं भरून आलं. सगळं नाही.

दर महिन्याला पाच हजारांचं रिकरिंग लावलंय. लॅपटॉपसाठी. बाबांना सांगितलं नाही, नाहीतर ते पुन्हा पेपर उलगडतील.

परवा तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात गाठलं. "अगं, तुझ्या त्या मशीनसारखं आमच्या कॉम्प्युटरचंही करून दे ना." चहा-चिवड्याचं ऋण होतं, गेले. त्यांच्या मुलाने २००९ ला घेतलेला डेस्कटॉप, कोअर टू ड्युओ, वर क्रोशाचं कव्हर. आता २०२४ च्या व्हर्जनपासून विंडोज ११ ला प्रोसेसरमध्ये काही ठरावीक सूचना असाव्याच लागतात, त्या कोअर टू ड्युओत नाहीत. तिथे कुठलीही रजिस्ट्री चालत नाही, मागचा दरवाजाही भिंतच. मी म्हटलं, "काकू, याला नाही होणार. आणि याला नेट जोडलंय का?"

"छे गं," काकू कव्हर परत घालत म्हणाल्या, "हे त्यावर पत्ते खेळतात."